हॉटेलवाल्या शेठचा मेसेज

(टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस. माग बंद आहेत. दीर वकिलाकडून आत्ताच परतलाय.)

दीर : थोडक्यात काय, वहिनी, दावा बोंबलला. शेठच्या थकलेल्या बिलांना तीन वर्षं उलटली. वकील म्हणाले, मुदत संपली.

वहिनी : बरं.

दीर : बरं काय? पुढच्या महिन्यात बँक कारखान्याला कुलूप लावेल!

वहिनी : ऐकतेय मी. चहा निवला तुमचा.

दीर : मी तेव्हाच दादाला म्हटलं होतं, परराज्यातला माणूस आहे, वेळेत दावा ठोक. तर म्हणे, शेठ देवमाणूस आहे. देवमाणूस! त्याच्या हॉटेलचं नाव विणलेले टॉवेल अजून मागच्या खोलीत पडलेत. कोण घेणार?

वहिनी : घरात वापरतोय की.

दीर : तोंडं तरी किती पुसणार?

वहिनी : मग आता?

दीर : एकच वाट आहे. मुदतीच्या आत शेठनं लिहून दिलं असेल, की हो, मी देणं लागतो, तर तिथून पुढं मुदत नव्यानं मोजतात. मेसेजसुद्धा चालतो. दादाचा फोन पालथा घातला मी. नुसतं 'नमस्कार' आणि 'तब्येत कशी'.

वहिनी : माझ्या फोनवर आहे.

दीर : काय?

वहिनी : हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आला होता. घ्या, वाचा.

दीर : "वहिनी, दादांइतका सज्जन माणूस धंद्यात पाहिला नाही. माझ्याकडे सगळी बिलं थकलेली, तरी शेवटच्या फोनवर त्यांनी माझ्या मुलीच्या लग्नाचीच चौकशी केली. तुमची पै न पै फेडीन." अहो वहिनी, ही तर सरळ कबुली आहे!

वहिनी : असेल.

दीर : वर्षभर बोलला नाहीत?

वहिनी : मला ते पैशाचं वाटलंच नाही. रोज वाचते. पहिली ओळच वाचते.

दीर : कोर्टात द्यावा लागेल. तिकडचा वकील त्यावर वाटेल ते बोलेल.

वहिनी : पहिली ओळ वगळून देता येईल?

दीर : नाही. अख्खा द्यावा लागतो. तुमचं मन नसेल तर राहू दे.

वहिनी : मन कसलं, सगळं बधिर झालंय. ह्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी चार शब्द लिहिले नाहीत. तुम्हीसुद्धा नाही, भावोजी.

दीर : वहिनी, मी...

वहिनी : असू दे. द्या अख्खा.

दीर : नक्की?

वहिनी : हो. शेठना उत्तर पाठवायचं राहूनच गेलं होतं.