पांढऱ्या दाढीचा बादशहा

(नदीकाठचं झुआझेरू. मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. सगळी गल्ली फुलं आणि मेणबत्त्या घेऊन कबरस्तानाकडे निघालेली. म्हातारा अन्सेल्मो आणि त्याची बायको झुल्मीरा मात्र घरातच. तिने त्याला डोळे मिटायला लावलेत.)

झुल्मीरा: उघड आता. अरे, उघड ना!

अन्सेल्मो: टपालाचं तिकीट? हे कुठलं?

झुल्मीरा: कुठलं काय विचारतोस? आपल्या देशाच्या जुन्या बादशहाचं! पेद्रोचं. ओळख बघू कधीचं ते.

अन्सेल्मो: तूच सांग. तुला फार हौस.

झुल्मीरा: सांगते की. हिरवं, शंभर रेइस किमतीचं. दाढी काळी असती तर आधीचं. ही पांढरी, म्हणजे नंतरचं. आणि कडेला भोकं नाहीत, नुसत्या चिरा. बरोबर ना? जन्मभर तुझी बडबड ऐकलीय, फुकट नाही गेली.

अन्सेल्मो: अगदी बरोबर, मास्तरीणबाई. पण आलं कुठून?

झुल्मीरा: काल तू घोरत होतास तेव्हा टपाल आलं. तुझ्या त्या साल्व्हादोरच्या तिकीटवाल्या व्हितोरियूचं. म्हटलं, दर वेळी हा बिचारा वाकून वाकून तिकिटं सोडवत बसतो, या खेपेला आपण करून ठेवू. कोमट पाणी, तुझी पांढरी बशी, अगदी तू करतोस तस्सं.

अन्सेल्मो: धुतलंस?

झुल्मीरा: मग! जुन्या पाकिटाच्या तुकड्यावर चिकटलेलं होतं. वर कुणीतरी जांभळ्या शाईने गिरबटून ठेवलेलं. सगळं निघालं. बघ, कसं कोरं करकरीत झालंय! काय रे? फाटलं का कुठे?

अन्सेल्मो: नाही. छान झालंय.

झुल्मीरा: मग तोंड का उतरलं?

अन्सेल्मो: काही नाही गं. कॉफी टाक.

झुल्मीरा: कॉफी गेली खड्ड्यात. मी काय केलं ते सांग आधी.

अन्सेल्मो: चूक माझीच आहे. मीच मागवलं होतं ते, तुला आज अचानक दाखवायचं म्हणून गप्प बसलो. अगं, तेव्हा खेड्यातल्या पोस्टात शिक्का नसायचा. पोस्टमास्तर तिकिटावर हातानेच गावाचं नाव लिहायचा.

झुल्मीरा: कुठल्या गावाचं?

अन्सेल्मो: जाऊ दे ना.

झुल्मीरा: कुठल्या गावाचं, अन्सेल्मो?

अन्सेल्मो: पेद्रा-मान्साचं. आपल्या.

झुल्मीरा: देवा रे!

अन्सेल्मो: धरणाचं पाणी गावावर चढलं तेव्हा बाकीच्यांनी आपापल्या माणसांची हाडं तरी उचलून आणली. आपल्या एलियासच्या कबरीवरचा क्रूसच सापडला नाही. आज सगळे कबरीवर जातात आणि आपण दार लोटून बसतो. म्हटलं, निदान गावाचं नाव समोर ठेवू. त्याच्यापुढे पोराची मेणबत्ती लावू.

झुल्मीरा: आणि तेही मी पाण्यात घातलं. हात का नाही झडले माझे!

अन्सेल्मो: असं बोलू नकोस.

झुल्मीरा: किती हौसेने धुतलं रे मी. तीन वर्षांचं पोर माझं. एकदा धरणाने बुडवलं, आता आईने.

अन्सेल्मो: पुरे, झुल्मीरा. रड हवं तर, पण असं बोलू नकोस. मलाही ऐकवत नाही. ते बशीतलं पाणी कुठेय?

झुल्मीरा: ओतलं.

अन्सेल्मो: मोरीत?

झुल्मीरा: मोरीत कशाला ओतीन? थेंब तरी वाया घालवते का मी कधी? उंबूच्या झाडाला घातलं.

अन्सेल्मो: अंगणातल्या?

झुल्मीरा: दुसरं आहे कुठे आपल्याकडे? तेच ते, गाव सोडताना रॉकेलच्या डब्यातून आणलेलं. ट्रकमध्ये मांडीवर धरून बसले होते मी. तिथल्या आपल्या दारातल्या मातीसकट.

अन्सेल्मो: मेणबत्ती कुठे ठेवलीस?

झुल्मीरा: फळीवर आहे. का?

अन्सेल्मो: आण. मी झाडापाशी खुर्च्या नेतो.

झुल्मीरा: बाहेर वारा आहे रे. विझेल.

अन्सेल्मो: विझली तर परत लावू. चल.