रिकाम्या कपातला चहा

बंगळुरूच्या येलहंक्यातल्या, मुलांच्या थेरपी सेंटरच्या बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. त्यांची चार वर्षांची ईरा आत होती आणि दार बंद होतं.

"आज जमेल तिला. बघ तू."

"काय जमेल, शंतनु?"

"रिकाम्या कपातून चहा प्यायचा. फुंकर मारायची, घोट घ्यायचा, 'छान झालाय' म्हणायचं. सगळं पाठ करून घेतलंय मी."

"पाठ? मॅडमनी तिच्याबरोबर खेळायला सांगितलं होतं."

"खेळतच करून घेतलं. रोज ऑफिसचे कॉल संपले की बसवायचो तिला."

"आणि चुकली की?"

"चुकली की पुन्हा. त्याशिवाय कसं येणार?"

"म्हणून हल्ली कप दिसला की टेबलाखाली जाऊन बसते ती."

"स्मिता, पुढच्या महिन्यात शाळेत प्रवेशासाठी भेटायला बोलावलंय. तिथे काय सांगणार आहेस?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. तेवढ्यात दार उघडून थेरपिस्टबाई बाहेर आल्या.

"सर, गुड न्यूज! आज ईरा पहिल्यांदा आपल्या मनानं खोटंखोटं खेळली. मी काही म्हणजे काही सांगितलं नाही."

"चहा प्यायली ना?"

"नाही हो, चहा तिनं बाहुलीला दिला. स्वतः समोर बसली आणि बोट नाचवत म्हणाली, 'चुकलं. पुन्हा कर.' अजून तेच चाललंय."

स्मिता बाकावरून उठली.

"मॅडम, तिला बाहेर पाठवता का?"

"स्वल्प, जरा थांबा, अक्का. बोलावलं मी. पण बाहुलीला घरी जायचं नाहीये, म्हणते."