ब्रेकखालचं पिल्लू

...आणि वर लोक मलाच विचारतात, "एवढी हौस कशाला केलीत?" हौस? मी? अहो, तुम्हाला सांगतो, कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं त्याच दिवशी मी मायलेकींना बजावलं होतं, की त्याचं खाणं, शी-शू, इंजेक्शनं, मी कशाकशात नाही. मी फक्त गाडी चालवणार. जायचं, पिल्लू घ्यायचं, यायचं, आणि मी आडवा. आठवड्यातून एक सुट्टी मिळते हो! बाकी सहा दिवस ड्रायव्हिंग शिकवतो, बावीस वर्षं झाली, बाजूच्या सीटवर बसून नुसता ओरडतोय, "ब्रेक! अहो, ब्रेक!"... घशाची पार वाट लागलीय.

तर गेलो. पिल्लंवाल्या बाई कडक. म्हणाल्या, आजच आईपासून तुटलंय, टोपलीत टाकायचं नाही, मांडीवर घेऊन जा. बरं. मुलीकडे दिलं, कारण तिनंच तीन महिने घर डोक्यावर घेतलेलं. केकाटलं. बायकोकडे दिलं, आणखी केकाटलं. मागचं दार उघडेपर्यंत जरा धरा म्हणून माझ्याकडे दिलं, तर काय... गप्प! शर्टात तोंड खुपसून घोरायलाच लागलं. मुलीचं तोंड एवढंसं झालं, मलाच अपराधी वाटायला लागलं. मी म्हटलं, अहो बाई, मी फक्त गाडी चालवणार होतो! तर बायको म्हणते, "द्या ती किल्ली. मी चालवते."

बायकोकडे लायसन्स आहे. पण शिकली दुसऱ्या मास्तरांकडे! माझ्याकडे दोन दिवस बसली आणि तिसऱ्या दिवशी गेली सोडून, का, तर म्हणे मी ओरडतो. आता तुम्हीच सांगा, न ओरडता कोणी गाडी शिकलंय का?

तर ती स्टिअरिंगवर, मी आपला रोजच्या जागी, पायाशी माझा ब्रेक. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात ना, आणि आमच्या गाडीत ते एकमेकांना जोडलेले, तिकडचा दाबला की इकडचाही खाली जातो. उतार लागला, खाली लाल सिग्नल, पुढे टेम्पो उभा. माझ्या तोंडातून सवयीनं निघालंच, "ब्रेक!" पिल्लू दचकलं, माझ्या पँटवर शू केली, आणि सुळकन घसरून थेट माझ्या ब्रेकखाली! मी वाकलो, तर सीटबेल्ट सोडेना, हात पोचेना... आता काय करायचं? तिनं ब्रेक दाबला तर पिल्लू गेलं, नाही दाबला तर टेम्पो. मागून मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, त्याला काही होऊ देऊ नका ना."

आणि माझा आवाजच बसला हो. बावीस वर्षं ज्या आवाजावर पोट भरलं, तो ऐन वेळी गायब. कसाबसा पुटपुटलो, "ब्रेक नको गं... खाली पिल्लू आहे."

बायकोनं ब्रेककडे जाणारा पाय मागे घेतला. तिसरा गिअर, दुसरा, पहिला, हलक्या हातानं हँडब्रेक... आणि टेम्पोच्या मागे वीतभर अंतरावर गाडी उभी! मग माझ्याकडे न बघता म्हणते, "असं हळू बोलला असतात, तर तुमच्याकडेच शिकले असते."

बेल्ट काढून मी त्याला वर घेतलं. त्याला काही झालं असतं, तर मुलीला तोंड कसं दाखवलं असतं? ते मात्र मजेत माझं नाक चाटतंय. अरे बाबा, मी फक्त गाडी चालवणार होतो!

आता घरी मुलगी हाका मारून दमते, हे माझ्या पावलावर बसून राहतं. मी बाहेर पडलो की रडून सगळा मजला गोळा करतं, म्हणून रोज माझ्याबरोबर कामावर, मागच्या सीटवर. आणि मी जरा आवाज चढवला की शू! सीट कोण पुसणार? मीच. म्हणून हल्ली कुजबुजत शिकवतो... "अहो, जमलं तर... जरासा ब्रेक..."

त्याचा परिणाम बघा. शांत मास्तर म्हणून गावभर नाव झालंय माझं, शिकायला ही रांग लागलीय... सुट्टीच्या दिवशीसुद्धा बॅच घ्यावी लागते.