गुलालाखालचा पाय

(उचगाव, चैत्रातली दुपार. लष्करातले हवालदार धैर्यशील परसातल्या धुण्याच्या दगडावर बसलेत. बायको मीनाक्षी त्यांच्या पायांवर पाणी ओततेय. आई बयाबाई सोप्यातनं बोलतेय. तिघं आत्ताच ज्योतिबाचा डोंगर करून आलेत. उद्या सकाळी धैर्यशीलची गाडी आहे.)

मीनाक्षी : हलू नका म्हटलं ना! एवढं पाणी ओतलं, सगळा गुलाल मोरीत वाहून गेला, तरी हा तळवा लाल तो लालच.

धैर्यशील : ऱ्हाऊ दे की. ज्योतिबाचा गुलाल हाय त्यो, आठवडाभर जात न्हाय. उठू दे मला, बॅग भरायची हाय.

बयाबाई : ऱ्हाऊ दे गं, देवाचा रंग हाय! आन बघितलंस न्हवं डोंगरावर? फरशी म्हंजे नुसता तवा. बापई गडी टणाटणा उड्या मारत हुतं, सावली हुडकत हुतं. आन माझं लेकरू कसं चाललं, सरळ! ती पुढची म्हातारी मला म्हनली, बाई, पोरगं न्हवं, वाघ हाय वाघ.

मीनाक्षी : बघितलं की आत्ती. मी तर सगळी वाट ह्यांच्या सावलीत पाय टाकत आले.

बयाबाई : नवस असा फेडायचा अस्तोय बाई. बर्फातनं माझं पोरगं धडधाकट खाली येऊ दे, भर उन्हाचं अनवाणी चढवीन, म्हनलं हुतं. फेडला. आता द्येव बी मोकळा आन मी बी मोकळी.

मीनाक्षी : आत्ती, जरा इकडं येता?

बयाबाई : चटणी बांधत्येय मी. त्या पलटणीतल्या सम्राटला पाठवायची हाय. त्याची आई काय एवढा लसूण घालत न्हाय.

मीनाक्षी : चटणी राहू दे. या तुम्ही. हा गुलाल नाही. फोड आहेत सगळे. अंगठ्याखालची कातडी सुटलीय बघा.

बयाबाई : अगं बया बया बया! आरं धैर्या! तोंड शिवलं हुतं का तुझं? वाटंतच सांगायचं न्हवंस?

धैर्यशील : काय न्हाय आये. चाललं की फोड येत्यातच. उगं गाव गोळा करू नको.

मीनाक्षी : तिकडं आभाळाकडं बघा. आता अंगठा चिमटला. दुखतंय?

धैर्यशील : दुखतंय की. हळू जरा.

मीनाक्षी : मी हात लावलाच नाही अजून.

बयाबाई : म्हंजे?

मीनाक्षी : म्हणजे ह्यांना पाय कळतच नाही आत्ती. फरशी तापलीय हे ह्यांना समजलंच नाही. वाघबिघ काही नाही.

बयाबाई : मीनाक्षे, काय बी बरळू नको. ह्यो तितं सगळ्यांस्नी शिकवतोय. नवीन पलटणी आल्या की बर्फावर चालायचं कसं, ऱ्हायचं कसं, ह्योच सांगतोय. उस्ताद म्हन्त्यात त्याला! त्याला कुटलं काय हुतंय?

मीनाक्षी : बोला की उस्ताद.

बयाबाई : धैर्या. मी फोनवर रोज इचारत्येय न्हवं? तूच शिकवलंस मला. तितं म्हनं सांजच्याला जोडीदार जोडीदाराला इचारतो, बोटाला जाग हाय? नाकाला हाय? कानाला हाय? पायाला हाय? आन दुसऱ्यानं हाय म्हनायचं. मी बी तसंच इचारायची. कवा चुकली न्हाय. आन तू काय म्हनायचास?

धैर्यशील : हाय म्हनायचो.

बयाबाई : पाय म्हनलं की?

धैर्यशील : हाय म्हनायचो, आये.

मीनाक्षी : कधीपासनं चाललंय हे?

धैर्यशील : ह्या हिवाळ्यातल्या तुकडीपासनं. बर्फाला चीर असती, तिच्यात पडलेला गडी दोरीनं कसा वर घ्यायचा, ते दाखवत हुतो. खाली पाणी हुतं. दोनी बूट भिजलं. वर आल्या आल्या मोजं बदलायचं अस्तंय. पोरं बघत हुती, म्हटलं धडा अर्धा सोडून कुठं जायचं, संपल्यावर बदलू.

मीनाक्षी : आणि धडा कशाचा होता त्यादिवशी?

धैर्यशील : आता ते कशाला?

मीनाक्षी : सांगा की.

धैर्यशील : आधी दोरीचा. आन मग पाय कोरडं ठेवायचं, त्येचा.

बयाबाई : देवा रं माझ्या!

धैर्यशील : बोटं, तळवं पांढरं पडलं, मग निळं झालं. चार दिवसांनी रंग आला. म्हटलं आलं सगळं जाग्यावर. रंग आला, पर जाग काय आली न्हाय.

मीनाक्षी : आणि सम्राट भाऊजी? ते तुमचे जोडीदार ना? ते विचारत नव्हते?

धैर्यशील : रोज इचारतोय त्यो. बूट काढ म्हणून मागं लागायचा. मी शिव्या घालून गप करायचो. मी सीनियर हाय त्याला.

मीनाक्षी : शाब्बास! पोरांना काय शिकवता तुम्ही? मागच्या सुट्टीत माझ्या शाळेत येऊन सातवीच्या वर्गाला सांगितलंत, आठवतंय का? सगळ्यात आधी 'मी ठीक आहे' म्हणतो, त्याला आम्ही सगळ्यात आधी खाली पाठवतो. टाळ्या पडल्या होत्या.

धैर्यशील : टोचू नको गं.

मीनाक्षी : टोचलेलं कळलं तरी बरंय म्हणायचं.

धैर्यशील : तुला काय वाटतं, सांगणं सोपं हाय? उद्या गेलो आन डॉक्टरसाहेबाला पाय दाखवला, की झालं. वर जाणं बंद. उस्तादकी गेली. नायब सुभेदारच्या बढतीत नाव लागायचंय, ते बी गेलं. स्टोअरात बसून दुसऱ्यांस्नी बूट वाटायचं. ह्या बारीला तुकडी घेऊन मी आन सम्राट वर चौकीवर जाणार हाय. शिकवून मागं फिरायचं न्हवं, ऱ्हायचं हाय तितं.

बयाबाई : स्टोअरात? आन मी साऱ्या गल्लीत सांगून बसल्येय, माझा पोरगा सायबांस्नी बर्फ शिकवतोय म्हणून.

मीनाक्षी : आत्ती!

बयाबाई : न्हाय गं, चुकलं माझं. तोंडातनं गेलं.

मीनाक्षी : एकच सांगा मला. एकदा गारठलेला पाय दुसऱ्यांदा गारठला तर काय होतं?

धैर्यशील : लवकर जातो.

मीनाक्षी : जातो म्हणजे?

धैर्यशील : कापाय लागतो.

मीनाक्षी : आणि वर चालताना तुमची दोरी कुणाच्या कमरेला बांधलेली असते?

धैर्यशील : सम्राटच्या.

मीनाक्षी : तुमचा पाय कुठं पडला, हे तुम्हाला कळलं नाही तर ओढला कोण जाणार? परवा त्यांची अवनी माझ्याशी फोनवर बोलली. काकू, काकांना सांगा, माझ्या पप्पांकडं लक्ष ठेवा म्हणाली. मी हो म्हटलं. आता तिला काय सांगू?

धैर्यशील : बॅग भरायची ऱ्हायलीय माझी.

मीनाक्षी : विषय बदलून भागायचं नाही. मी शाळेत बाई आहे, वर्गात चाळीस पोरांना बोलतं करते.

धैर्यशील : दमलोय गं मी. लई दमलोय. थंडीचं मला काय न्हाय, थंडीला कपडं घालता येत्यात. पर ह्ये रोजचं 'ठीक हाय, ठीक हाय' म्हणून जीव विटलाय. सकाळी सायबाला ठीक हाय, सांजचं सम्राटला ठीक हाय, मग आयेचा फोन, ठीक हाय. हितं येऊन म्हटलं जरा इसावा घ्यावा, तर हितंबी गल्लीत जो भेटतोय त्यो म्हणतोय, काय हवालदार, बर्फ काय म्हणतोय? ठीक हाय.

बयाबाई : आन मी तुला इस्तवावर चालीवला! माझ्या हातानं! त्यो ज्योतिबा काय म्हनत असल, ह्या म्हातारीनं लेकराचा पाय भाजला आन वर गुलाल लावला!

धैर्यशील : रडू नको आये. मला काय बी झालं न्हाय. दुखत न्हाय खरंच.

बयाबाई : त्येच तर रं! दुखाय पायजे हुतं मुडद्या!

मीनाक्षी : आत्ती, पदर घ्या, डोळे पुसा. तुमच्या नवसामुळं निदान उघडकीला तरी आलं. नाहीतर उद्या बूट घालून गेले असते आणि आपण दारात ओवाळलं असतं.

बयाबाई : सरक. तू उठ तितनं. मी बसत्येय.

मीनाक्षी : गुडघे दुखतात तुमचे, खाली कशाला बसताय?

बयाबाई : दुखू देत. दुखत्यात म्हंजे हाईत. धैर्या, डोळं मीट.

धैर्यशील : आता ह्ये काय काढलंस आये?

बयाबाई : मीट म्हनल्यावर मिटायचं. रोज फोनवर इचारत्येय, आज म्होरं बसून इचारत्येय. फोनवर तुझं त्वांड दिसत न्हाय मला. आज दिसतंय. खोटं बोललास तर कानाखाली वाजवीन, हवालदार असशील तुझ्या पलटणीत. मिटलंस?

धैर्यशील : मिटलं.

बयाबाई : बोटाला जाग हाय?

धैर्यशील : हाय.

बयाबाई : नाकाला?

धैर्यशील : हाय की.

बयाबाई : कानाला?

धैर्यशील : हाय.

बयाबाई : आन पायाला?

धैर्यशील : आधी धर की आये. धरल्याबिगार कसं सांगू?

बयाबाई : मघाधरनं दोनी हातात धरून बसल्येय की रं लेकरा.

मीनाक्षी : अहो.

धैर्यशील : फोन दे माझा. सम्राटला सांगतो, दोरीला दुसरा गडी बघ म्हणून.