समेवरचा गुडघा

हो हो, तीच ती, बाहेरच्या फोटोत माझ्या मागे उभी आहे ती – काढला नाही मी तो फोटो, उगाच भिंतीवर डाग दिसायचा. बसा तुम्ही. लेकीला सोडा मोकळी, बघू दे तिला आरसा. तर काय म्हणत होते – भिंगरी. नाव वेगळं होतं तिचं, पण एका दमात एकवीस चकरा घ्यायची, म्हणून मीच भिंगरी म्हणायला लागले. सात वर्षांची आली, चोविसाव्या वर्षी गेली. सतरा वर्षं! पोटच्या पोरीला शिकवलं नसतं एवढं – पोटची पोर नाहीच म्हणा मला, पण असती तरी. आणि आता मागच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर, स्वतःचा कथकचा क्लास. तुम्ही आधी तिथेच जाऊन आलात ना? राहू द्या, तोंडावर लिहिलंय तुमच्या. काय म्हणाली माझ्याबद्दल? काहीच नाही? बघा! शिव्या दिल्या असत्या तर निदान ओळख तरी राहिली असती.

आपण कुणाची शिष्या ते बोर्डावर लिहायचं असतं. हिनं नाही लिहिलं. गिळलं मी ते. पण परवा तिच्या पोरींचा कार्यक्रम होता – गेले होते मी, शेवटच्या रांगेत, न बोलावता – आणि बघते तर काय, एकही पोर समेवर गुडघा वळवत नाही! तुम्हाला कळायचं नाही, थांबा, दाखवतेच. ही चक्कर संपली, तबल्याची सम पडली, नाचणारी थांबली – आणि हा बघा, डावा गुडघा जरासा आत येतो, कंबर हलकेच खाली जाते. आई गं. काही नाही, काही नाही. ही माझी लकब. पेपरात छापून आलंय त्यावर, एवढ्यासाठी टाळ्या द्यायचे लोक. आणि हिनं बोर्डावरून काढलं ते काढलं, पोरींच्या पायांतूनही मला काढून टाकलं! खाल्ल्या घरचे वासे मोजले हो, दुसरं काय.

आमच्याकडे कसं असतं, मी पुढे नाचायचं, पोरींनी मागे उभं राहून जसंच्या तसं उचलायचं. का, कशाला, विचारायचं नाही. मीही अशीच शिकले. भिंगरीनं तर मला अशी उचलली, की लोक म्हणायचे बाईंची सावली. गुडघ्यासकट उचलली. आता गुडघ्याचं म्हणाल तर – तिशीत मी स्टेजवर घसरले होते. तेव्हापासून तो पाय सरळ टेकत नाही, त्याला मी काय करू? नाचणं सोडू? लोकांना ते आवडलं, मी गप्प बसले. नाही, पोरींनाही नाही सांगितलं. गुरूनं काय आपली दुखणी सांगत बसायचं?

हो, धडधाकट पायानं रोज तसं करायचं म्हणजे त्रास होतोच. झालाच. शेवटच्या वर्षी ती डॉक्टरांनी काढलेला गुडघ्याचा फोटो घेऊन आली. म्हणाली, बाई, डॉक्टर विचारतायत, हे मुळात करता कशाला? सगळ्या पोरींसमोर हो! मी म्हटलं, तुझाच रियाज कच्चा, माझ्या नाचात खोट काढू नकोस. एवढंच. एवढंच म्हटलं मी. तिनं बसून घुंगरू सोडले, कोपऱ्यात ठेवले नि गेली. आता खुर्चीत बसून शिकवते म्हणे. सव्विसाव्या वर्षी खुर्चीत. आणि तरी लोक मलाच – नाही, दगा तिनंच दिला. एकटीला गाठून विचारलं असतं तर सांगितलं असतं मी. बहुतेक.

अगं ए, काय चाललंय आरशासमोर? बघू, पुन्हा कर. अगं बाई... एकदाच बघितलंस ना गं? एकदाच दाखवलं मी तुझ्या आईला, आणि तू हुबेहूब – नको. सरळ कर तो गुडघा. सरळ कर म्हणते ना! रडू नकोस, बाळा, तुझ्यावर नाही ओरडले.

ताई, तो फॉर्म द्या इकडे. नाही, भरू नका. मागच्या गल्लीत न्या हिला. मी पाठवलं म्हणून सांगू नका तिला. उठा. उठा ना.