न चाखलेलं पन्हं

माह्यं नाव कांता. माहेर पोंभुर्ण्याच्या बाजूचं, जंगलाले लागून, घरामागंच मोहाचे झाडं, पहाटे मोह वेचाले जायचं अन् मग बापासंगं धानाच्या बांधीत. शाळा चौथीपर्यंत झाली. माय गावच्या लग्नात सयपाकाले जायची, मी तिच्या पदराले धरून, तिथंच शिकली सगळं, हजार माणसाचं वरण बी मी अंदाजानं करते. मग लग्न होऊन चांद्याले आली. तुम्ही चंद्रपूर म्हणता, आम्ही चांदाच म्हणतो.

काय सांगू तुम्हाले, माह्या नवऱ्याले आंब्याचा भलता सोस. ट्रक चालवायचे, जिवतीकडून येताना झोराभर कैऱ्या आणायचे अन् अखितीची वाट पाहत बसायचे. काऊन, तं आमच्यात अखितीच्या आधी नवा आंबा, कैरी बी, तोंडात घालत नाई. अक्षय तृतीयेले घरच्या मेलेल्या माणसायले पयले पन्हं द्यायचं, आंबा द्यायचा, मग जित्या माणसानं खायचं. पोट्टे अन् बाहेरचे लोकं नाई पाळत, पण आमच्या बाया पाळतात. अन् घरचं माणूस वर्षाच्या आत गेलं असन तं कडक पाळायचं, त्याच्या आधी खाल्लं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घेतला.

मग एका वर्षी तेच गेले. पावसाळ्यात ताप आला, चार दिवसात खेळ खतम. सासूले एकुलता एक लेक. तेव्हापासून बुढी माह्याशी बोलेनाशी झाली, भाजी आणू का म्हणलं तं भिंतीकडे पाहून हो म्हणायची. तिले वाटे मी त्याले दवाखान्यात लवकर नेलं नाई. मले बी तसंच वाटे, मग भांडू कोणासंगं.

आता मेळ्याचं सांगते. आमच्या वार्डातल्या शाळेच्या पटांगणात दर उन्हाळ्यात आठ संध्याकाळ मेळा असते, सगळं फुकट, पोट्ट्यायले चित्रं काढाले शिकवतात, कोणी गाणं म्हणते, गावाकडून दंडारवाले येतात नाचाले, अन् खाणं-पिणं मोहल्ल्यातल्या लोकायचं. चांद्याचं ऊन तुम्हाले माहीत हाये, पाचच्या आत कोणी उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाई. ते गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या, म्हणे कांताबाई, पयल्या संध्याकाळचे पोहे अन् पन्हं तुमच्या हातचं, चांगलं झालं तं आठही दिवसाची चूल तुमची, अन् तुमचं नाव झालं की लोकं लग्नाले बी बोलावतील. मले ते पायजेच होतं, दुसरा काय आधार होता. पण मेळ्याच्या कमेटीतले दोघं-तिघं म्हणाले, नवरा जाऊन वर्ष नाई झालं, पयल्या दिवशीची चूल तिच्याकडं काऊन? बाई म्हणाल्या जिम्मेदारी माही. सासू पयल्यांदाच सरळ माह्याकडे पाहून बोलली, जा, मेळ्यात जा, लोकं हासतील. अन् स्वतः बी आली, समोरच्या सतरंजीवर येऊन बसली, पाहाले.

संगं रझियाबाजी होती. शेजारीण माही, ब्लाऊज शिवते, माह्या हाताखाली सयपाकाले येते. आमची पद्धत अशी, अखितीच्या आधी पन्ह्याचं काम आलं तं मी बनवायचं, तिनं चाखायचं, कमी असन ते मीठ तिनंच टाकायचं. तिच्या जिभेवर माहा भरोसा. पण त्या वर्षी रमजान अन् अखिती संगंच आले, ईद अन् अखिती एकाच दिवशी, अन् तिचा रोजा. दोघीले बी हे माहीत होतं, तरी आता चाखन कोण, हे आम्ही एकमेकीले विचारलंच नाई. हाताले अंदाज हाये म्हणलं, चाललं. मी दुपारी घरी कैऱ्या उकडून गर काढला तेव्हाच सगळं मीठ त्यात टाकलं, म्हणलं आज ती चाखणार नाई. अन् पटांगणात गराच्या मोठ्या गंजात पाणी टाकताना तिनं सवयीनं तिच्या हातचं मीठ टाकलं, तिले वाटलं मी नेहमीसारखं तिच्यावर सोडलं. तिनं विचारलं नाई, मी सांगतलं नाई.

दंडार संपली, पोट्टे घामानं चिंब, नाचणाऱ्यायचे व्हट वाळलेले, सगळे पन्ह्याकडं धावले. पयला गिलास एका लहान पोरीले देला, तिनं एक घोट घेतला अन् थुकला. म्हणे, मावशी, खारं हाये.

मी रझियाबाजीकडे पाह्यलं, तिनं माह्याकडे. दोघीले एकाच वेळी समजलं. ती म्हणे, कांता, अब क्या करें, अजान को आधा घंटा है. मी लोकायले म्हणलं थांबा, बर्फ टाकून राह्यली हाये, असं खोटं बोलली. गुळाची ढेप फोडाले घेतली. गूळ किती टाकू, पाणी किती टाकू, चाखल्याशिवाय कसं समजन? पोरीले विचारलं तं ती खारं एवढंच सांगे. मोहल्ल्यातल्या बाया सगळ्या गावाकडच्या, त्यायची बी अखिती राह्यली, त्या कशा चाखतील. अन् बाहेरच्या कोणाले चाखाले द्यावं तं सगळ्या पटांगणात बोंब. तेवढ्यात मोठ्या बाई पाहुण्यायले घेऊन इकडे येताना दिसल्या, संगं कमेटीतले तेच दोघं.

मी पळी उचलली. खरं सांगते, मी चाखणारच होती. मनात म्हणलं, माफ करा, तुमच्या आधी पिऊन राह्यली हाये. पळी व्हटापर्यंत नेली अन् मागून कोणीतरी हात धरला.

सासू होती. सतरंजीवरून कधी उठली मले समजलं नाई. माह्या हातातून पळी घेतली, म्हणे, तू बायको होस, तू पाप नको घेऊ. त्याच्या तोंडात पयला घास मीच घातला होता, त्याच्या वाटचं मीच चाखते, लागन ते मले लागन. पळीतलं थोडं जमिनीवर सोडलं, त्याचं नाव घेतलं, अन् पेली.

जिभेवर घोळवलं. मग म्हणे, गूळ टाक. टाकला. पुन्हा चाखलं, अजून टाक. मी पाण्याची बादली उचलली तं म्हणे जरासंच, नाई तं पांचट होते, विलायची कुठी ठेवली? असं सात-आठ डाव चाखलं, प्रत्येक डावी तिच्या डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं होतं अन् ती पदरानं पुसत बी नव्हती. शेवटी म्हणे, आता वाट. अन् हळूच मले म्हणे, त्याले लहानपणी खारंच आवडे.

बाई आल्या, पाहुणे प्याले, कमेटीतल्या एकानं दुसरा गिलास मागतला. आठही दिवस चूल माहीच राह्यली. अजान झाली तसा रझियाबाजीनं खजूर खाऊन पन्ह्याचा गिलास घेतला, म्हणे, अम्मा का हाथ है. सासू रोज संध्याकाळी येऊन बसे, अन् घरी जाताना आम्ही बोलत जावो, दवाखान्याचं बी बोललो एक दिवस, दोघीनंही रडून घेतलं.

आता मले चामोर्शीपर्यंतचे लग्नं येतात. बुढीचं वय झालं, तिच्या जिभेची चव गेली, मीठ-साखर एक झालं तिले. तरी दर उन्हाळ्यात पन्हं केलं की पयला वाटका तिच्यापुढेच नेते. ती एक घोट घेते, डोळे मिटते, म्हणते बराबर हाये. मग मी मागं येऊन चुपचाप रझियाबाजीले चाखाले देते. एखाद्या वर्षी रझियाबाजीनं सांगतलं की खारं हाये, तरी थोडा गूळ कमीच टाकते मी. तेवढं खारं नवऱ्याच्या वाटचं.