दोन्ही हात पेटीत

...आणि नाक खाजायला नेमकं तेव्हाच लागतं! एरवी दिवसभर गुण्यागोविंदानं नांदतं हो ते तोंडावर, पण एकदा का मी त्या काचेच्या पेटीत हात घातले, की सुरू! आता तुम्ही म्हणाल, खाजतंय तर खाजवा. अहो, कसं खाजवू? दोन्ही हात पेटीत!

तुम्हाला सांगतो, आमचं काम म्हणजे उजेड देणारं प्लॅस्टिक बनवायचं. हसू नका! कार्बनच्या लांबलचक साखळ्या असतात, एक बंध साधा, एक दुहेरी, एक साधा, एक दुहेरी... त्यातून वीज पळते आणि पळता पळता तो पदार्थ उजळतो. काचेवर त्याचा पापुद्रा द्यायचा, केसाहून कितीतरी पातळ. पण नखरे केवढे! हवा लागली की रुसला, ओल लागली की मेला. म्हणून सगळं बंद पेटीत, नुसत्या नायट्रोजनमध्ये. पेटीला लांब रबरी हातमोजे जोडलेले, बाहेरून त्यात हात घालायचे आणि आतलं काम करायचं. त्यात हिरवा रंग टिकतो, लाल टिकतो, निळा मात्र... घरात एक लाडावलेलं लेकरू असतं ना, शिंकलं तरी डॉक्टर, तसला!

आणि हा निळा दाखवायचा कोणाला? सासरेबुवांना! त्यांचं दिव्यांचं दुकान. लग्नापासून एकच धोशा, "जावईबापू, आमच्याकडे दिव्यांचे ढीग पडलेत, तुम्ही आणखी एक कशाला शोधताय? या, गल्ल्यावर बसा!" शेवटी बायकोनं तह केला. बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी उजेड पाहिला, तर दुकानाचा विषय कायमचा बंद. नाही पाहिला, तर मी गल्ल्यावर. म्हणजे माझी अख्खी पीएचडी त्या एका निळ्या ठिपक्यावर!

आले, बायकोला घेऊन, थेट आमच्या प्रयोगशाळेत. पेटीत डोकावले. "मासे कुठायत?" म्हणाले. मी एका हातानं चिमट्यात काच धरलीय, दुसऱ्यानं वायरी टेकवल्यात, नाकावर मुंग्या चालल्यात, बायकोला सांगावं "जरा खाजव", तर शेजारी तिचे वडील! आणि लागला हो, लागला! निळा! इवलासा, पण असा निळा की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेही पुसता येईना. दोन्ही हात पेटीत!

"छे, दिसत नाही बुवा. खोलीत उजेड फार आहे."

मी म्हटलं, "बाबा, तेवढा दिवा बंद करता का?"

इथे चुकलो! अहो, बटण बंद करणं हा या माणसाचा श्वास आहे! आमच्या घरून निघताना फ्रिजसुद्धा बंद करून जातात. "उगाच चालू कशाला?" आमचं दूध नासतं, त्यांचं समाधान होतं. आणि अशा माणसाला मी, मी स्वतःच्या तोंडानं, बटण बंद करा म्हणालो! खट्, खट्, खट्, खट्... अख्खा बोर्ड! दिवा गेला, पेटीचा पंप गेला, माझ्या निळ्याची वीज गेली. मिट्ट काळोख.

"आता तर काहीच दिसत नाही, जावईबापू!"

"बाबा, शेवटचं बटण लावा! शेवटचं!"

"थांबा हो, बोर्ड कुठंय..." म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला, त्याचा पडदा थेट माझ्या डोळ्यांवर, मी दचकलो, चिमटा सुटला, काच पडली... टिंग!

"हे बघा! याला म्हणतात उजेड! असलं काहीतरी बनवा की!"

"बाबा," मी जवळजवळ रडलोच, "तुमच्या फोनचा पडदा याच जातीच्या पदार्थाचा आहे हो!"

सासऱ्यांनी फोन उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे बनवून झालंय? मग इतकी वर्षं तुम्ही तेच परत का बनवताय?"

कपाळावर हात मारायचा, तर दोन्ही हात पेटीत!

गेल्या सोमवारपासून गल्ल्यावर बसतोय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, चला, दुपारी गिऱ्हाईक नसतं, दोन्ही हात मोकळे, निदान निवांत नाक तरी खाजवू... तर मेलं खाजतच नाही!